व्हीआर-एआर गावात नेताना: हेडसेट सगळ्यात शेवटी बाहेर काढा

व्हीआर म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी जगात नेणारं तंत्र, आणि एआर म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर आभासी वस्तू किंवा माहिती दाखवणारं. व्हीआर-एआरचे प्रकल्प गावात फसतात ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. आधी हेडसेट विकत घेतले जातात, मग ॲप तयार होतं आणि गावात गेल्यावर लक्षात येतं की अंबाड्यावर पट्टा बसत नाही, मराठी अक्षरं तुटली आहेत आणि ज्या बायांसाठी हे सगळं केलं त्या दारातच उभ्या आहेत. संमतीचा कागद तर गाडीत बसल्यावर आठवतो. या चुका नंतर ठिगळ लावून दुरुस्त होत नाहीत, म्हणून काम कोणत्या क्रमाने करायचं ते इथे टप्प्याटप्प्याने दिलं आहे.

उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे. कापसावरची फवारणी सुरक्षितपणे कशी करावी हे शिकवणारा व्हीआर अनुभव आणि कीटकनाशकाच्या डब्यावरचं लेबल समजावून सांगणारं मोबाइलवरचं एआर. तुमचा विषय आरोग्याचा असो की शाळेचा, क्रम हाच राहील.

## टप्पा १: व्हीआर खरंच लागतं का ते ठरवा

शिकवायची गोष्ट एका वाक्यात लिहा. "वाऱ्याच्या उलट दिशेने फवारणी केली की औषध आपल्याच अंगावर येतं, हे कळलं पाहिजे." मग विचारा, हे वावरात पंपात साधं पाणी भरून दाखवता येईल का? येत असेल तर आधी तेच करा. जे प्रत्यक्षात दाखवणं धोक्याचं, महागडं किंवा अशक्य आहे, तेवढंच व्हीआरमध्ये घ्या. न दिसणारे तुषार हवेत कुठे जातात, हे दाखवायला व्हीआर उत्तम आहे. पंपाचं वजन समजवायला ते निरुपयोगी आहे. सोळा लिटरचा भरलेला पंप पाठीवर असताना चिखलात तोल कसा जातो, ते हेडसेट सांगू शकत नाही. ही मर्यादा अनुभवाच्या सुरुवातीलाच बोलून दाखवा, नाहीतर दहा मिनिटांत आपल्याला सगळं जमलं असा खोटा विश्वास घेऊन माणूस घरी जातो.

त्याच कागदावर दुसरी यादी करा: हा अनुभव कोण घेऊ शकणार नाही? एका डोळ्याने दिसणारे, ऐकू न येणारे, मान न वळवता येणारे, फिट येणारे, वाचता न येणारे, मराठी घरची भाषा नसलेले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं नोंदलेली आहेत आणि त्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर भागात काम करताना हा आजार तुमच्या खोलीत असणार असं धरूनच चाला. ऊन आणि शरीरातलं पाणी कमी होणं, या दोन्हींनी त्याच्या वेदनांचा झटका येऊ शकतो.

यादीतल्या प्रत्येकासाठी हेडसेटशिवायचा मार्ग ठरवा. टीव्हीवर तोच अनुभव, सोबत बोलणारा माणूस आणि हाताळायला खरे हातमोजे, खरा पंप. हा मार्ग तितकाच नीट बांधलेला असावा. "तुम्ही नुसतं बघा" असं सांगून कोपऱ्यात बसवणं म्हणजे समावेश नव्हे.

तपासा: हेडसेट न लावणाऱ्यालाही मूळ वाक्य कळतं आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: गावातली माणसं सुरुवातीलाच घ्या

शेवटी चाचणीसाठी बोलावलेली माणसं "छान आहे" म्हणून निघून जातात. कथानक ठरायच्या आधी किमान सहा जण हवेत. रोजंदारीने फवारणी करणारे दोघे, औषध कालवायला आणि पाणी आणायला असणारी बाई, वावराचा मालक, एक वयस्क माणूस आणि एक दिव्यांग व्यक्ती. त्यांचा अर्धा दिवस जातो, म्हणून त्यांना गावच्या दराने मजुरी द्या. सोयाबीन काढणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत बोलावूच नका. आठवडी बाजाराचा दिवसही टाळा.

जागा निवडताना विचारपूस करा. एखाद्या देवळाच्या सभामंडपात किंवा एका समाजाच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला की काही घरं आपोआप गळतात आणि कोणी तसं तोंडाने सांगत नाही. शाळा किंवा ग्रामपंचायत बरी. तरीही चार वेगवेगळ्या वस्त्यांमध्ये विचारून खात्री करा.

भाषेचं कामही याच टप्प्यात करायचं. अकोला-अमरावतीकडे वऱ्हाडी, भंडारा-गोंदियाकडे झाडीबोली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. कोरकू आणि गोंडी या मराठीच्या बोली नाहीत, स्वतंत्र भाषा आहेत. तिथे मराठी आवाजाला वऱ्हाडी हेल देऊन भागत नाही, त्या भाषेत वेगळं ध्वनिमुद्रणच करावं लागतं. एक चूक इतक्या वेळा होते की ती वेगळी सांगायला हवी. अनुभवातला तज्ज्ञ प्रमाण मराठी बोलतो आणि चुकणारा, अडाणी ठरणारा गडी वऱ्हाडी. हे ऐकणाऱ्याच्या काळजाला लागतं. बरोबर माहिती सांगणारं पात्रच वऱ्हाडी बोलू द्या.

## टप्पा ३: माहिती किती गोळा करायची ते आत्ताच ठरवा

कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी हा निर्णय हवा. नंतर "असू द्या, कामी येईल" म्हणत सगळं साठत जातं.

हेडसेट डोक्याची आणि हातांची हालचाल दर सेकंदाला अनेक वेळा मोजतो. नाव काढून टाकलं की ही माहिती निनावी झाली, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ५११ लोकांवर केलेल्या अभ्यासात, पाच मिनिटांपेक्षा कमी हालचालींवरून ९५ टक्के वेळा माणूस ओळखता आला. २०२३ मध्ये ५० हजारांहून अधिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा १०० सेकंदांच्या हालचालींवरून ९४ टक्क्यांच्या वर अचूक ओळख पटली. माणसाची हालचाल ही त्याच्या अंगठ्याच्या ठशासारखी आहे, असं समजूनच ती हाताळा.

आपल्या उदाहरणाला लागतं एवढंच: कोणती पायरी पूर्ण झाली, वापरणारा कुठे थांबला, हेडसेट मधेच काढला का. नाव नको, हालचालींची नोंद नको, नजर कुठे होती हे नको. मायक्रोफोन बंद. डोळ्यांचा माग घेणारी सोय असेल तर तीही बंद. नोंदी कधी पुसणार ती तारीख आणि पुसणाऱ्याचं पद कागदावर लिहा.

२०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांचा माग काढणं, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणं आणि त्यांना उद्देशून जाहिराती दाखवणं याला, नियमांतल्या मर्यादित सवलती सोडल्या तर, मनाई आहे. मुख्याध्यापकांची सही म्हणजे पालकांची संमती नव्हे. सरपंचांचा होकार म्हणजे गावाचा होकार नव्हे.

सावधान: कीटकनाशक कंपनीने पैसे दिले असतील तर ते पहिल्याच पडद्यावर आणि बोलून सांगा. अनुभवात कोणत्याही औषधाचं व्यापारी नाव किंवा ओळखू येईल असा डबा दाखवू नका.

## टप्पा ४: आशय आधी खुर्चीवर करून बघा

ॲप बनवायच्या आधी एक माणूस खुर्चीत बसवा, दुसऱ्याने संवाद वाचावेत, तिसऱ्याने वस्तू पुढे कराव्यात. अर्ध्या चुका इथेच सापडतात आणि दुरुस्तीला पैसा लागत नाही.

या टप्प्यावरचा सगळ्यात नाजूक प्रश्न म्हणजे काय दाखवू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे जीव गेले. तुमच्यासमोर बसलेल्या बाईच्या घरातलाच कोणी त्यात असू शकतो. व्हीआरमध्ये प्रसंग समोर घडत नाही, तो आपल्यावर घडतो. म्हणून विषबाधा झालेल्या माणसाच्या डोळ्यांतून जग दाखवणं, धूसर नजर, धापा, कोसळणं, हे सगळं टाळा. घाबरलेला माणूस फवारणीबद्दल काही शिकत नाही, तो हेडसेट काढून फेकतो. लक्षणं सांगायची तर बाजूला उभं असलेलं पात्र बोलून सांगेल. कीटकनाशक पिण्याचा किंवा आत्महत्येचा प्रसंग कोणत्याही कारणाने घेऊ नका.

दुसरा प्रश्न न्यायाचा. अनुभव मजुराला म्हणतो, "हातमोजे घाला, मास्क लावा." पण मालकाने ते दिलेच नसतील तर? मग तुमचा धडा चुकीचं खापर मजुरावर फोडतो. एक प्रसंग मालकासाठी ठेवा, ज्यात हातमोजे, मास्क, चष्मा आणणं हे त्याचं काम आहे असं स्पष्ट येईल. आशयातलं प्रत्येक वाक्य जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्राकडून किंवा कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्या.

पात्रं ठरवताना बघा की शेतकरी म्हणून नेहमी पुरुषच येतो का, मजूर बाई फक्त मागे दिसते का. आडनावं, भिंतीवरच्या तसबिरी आणि घर गावात कुठे आहे, यावरून बघणारा जात ओळखतो. सालदाराचं घर गावाच्या एका टोकाला आणि मालकाचं मध्यभागी ठेवताना आपण काय सांगतो आहोत ते कळून ठेवा.

## टप्पा ५: बांधणी

हालचाल. चक्कर आणि मळमळ होते कारण डोळे सांगतात चाललो आणि कान-शरीर सांगतं बसलो. पहिल्यांदा हेडसेट लावणाऱ्यासाठी वापरणाऱ्याला एका जागी बसवून ठेवणं हाच सर्वात सुरक्षित मार्ग. वावराच्या धुऱ्यावरून पऱ्हाटीच्या ओळीत न्यायचं असेल तर दृश्य काळं करा आणि नव्या जागी उघडा. सरकवत नेऊ नका. कॅमेरा आपणहून हलवू नका, डोलवू नका. चित्रं सेकंदाला ७२ च्या खाली येऊ देऊ नका. त्यासाठी दृश्यातली झाडं कमी झाली तरी चालतील. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं काहीही नको, विजेचा कडकडाटही नको.

उंची. बरीच ॲप्स माणूस उभा आहे असं धरतात. गावात लोक मांडी घालून बसतात. जमिनीवर बसलेल्याचे डोळे साधारण ७५ सेंटिमीटरवर, खुर्ची किंवा व्हीलचेअरवर ११५ च्या आसपास आणि उभ्या माणसाचे १४० ते १६०. तिन्ही उंचींवर प्रत्येक वस्तू हाती आली पाहिजे. खाली वाकून उचलायची बाटली हा नेहमीचा दोष. ती कमरेच्या पातळीवर आणा.

हात. सगळं एका हाताने आणि एकाच बटणाने जमलं पाहिजे. बटणाऐवजी टक लावून, म्हणजे डोकं त्या वस्तूकडे रोखून, निवडण्याची सोय द्या. दोन सेकंदांत भरणारं वर्तुळ दिसू द्या, म्हणजे चुकून निवड होत नाही. उघड्या हाताचा माग घेणारी सोय वापरत असाल तर बांगड्या, मेंदी आणि लांब बाह्या असताना तपासा.

अक्षरं. इथे जवळजवळ प्रत्येक टीम अडते. युनिटी या ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरमधलं, अक्षरं दाखवणारं टेक्स्टमेशप्रो देवनागरीची जुळणी स्वतः करत नाही. "विषारी" मधली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडलेली दिसतात. जुळणी करणारं प्लगिन वापरा, नाहीतर मजकूर चित्र म्हणून बसवा. "शेतकऱ्यांच्या", "निर्णय", "क्विंटल" आणि "द्रावण" हे चार शब्द हेडसेटमध्ये नीट दिसले की बरंचसं निभावलं. ल आणि श मराठी वळणाचे देणारा फॉन्ट निवडा. इंग्रजीसाठी एक मीटर अंतरावर २४ मिलिमीटरचा आकार पुरतो, पण मात्रा-वेलांट्यांमुळे देवनागरीला ३० पासून सुरुवात करा, म्हणजे दोन मीटरवर ६०. एका वेळी दोनच ओळी. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान ४.५ ला १ असावा.

वाचता न येणाऱ्यासाठी प्रत्येक ओळ आवाजात हवी आणि ऐकू न येणाऱ्यासाठी प्रत्येक आवाज ओळीत. मागून आवाज आला तर कोणत्या बाजूने, ते बाणाने दाखवा.

बाहेर पडण्याची वाट. प्रत्येक प्रसंगात, एकाच जागी, एकाच कृतीने. "खरंच थांबायचं का?" असं पुन्हा विचारू नका.

तपासा: आवाज पूर्ण बंद करून, मग एक डोळा झाकून, मग एक हात मागे धरून, अशा तीन फेऱ्या स्वतः करा.

## टप्पा ६: एआरचा वेगळा विचार

लेबल समजावणाऱ्या एआरला व्हीआरचे नियम पुरत नाहीत. गावातल्या बऱ्याच स्वस्त फोनमध्ये जायरोस्कोप (फोन कसा फिरला ते मोजणारा सेन्सर) नसतो आणि एआरकोअर या गुगलच्या एआर प्रणालीला चालणाऱ्या फोनच्या यादीतही ते नसतात. म्हणून जमिनीवर थ्रीडी वस्तू उभी करण्याचा मोह सोडा. साधा कॅमेरा डब्यावर धरला की ठराविक चित्र ओळखून आवाज सुरू होईल, एवढंच करा. वावरातच वस्तू उभी करायची असेल तर लक्षात ठेवा, ओलसर सपाट काळ्या मातीवर कॅमेऱ्याला धरायला खुणा मिळत नाहीत आणि वाऱ्याने हलणाऱ्या पानांवर वस्तू घसरते. दुपारच्या उन्हात पडदा दिसतही नाही.

लेबलवरचा त्रिकोण लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा सर्वात कमी. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्या माणसाला हे नुसत्या रंगात सांगून उपयोग नाही. रंगाचं नाव उच्चारा आणि विषारीपणाची पायरी चार पट्ट्यांनी दाखवा. "हिरवा म्हणजे निर्धोक" असा अर्थ जाणार नाही याची काळजी घ्या. हिरव्यालाही हातमोजे लागतात.

सावधान: फोनकडे बघत चालायला लावणारं एआर वावरात कधीही नको. कठडा नसलेल्या विहिरी, शेततळी, विजेच्या तारा ॲपला दिसत नाहीत. मेळघाट, ताडोबा, पेंच यांच्या आसपास जंगलाकडेला कोणतीही खूण ठेवू नका. गोंडांच्या देवस्थानांवर आणि कोणाच्या अंगणावर आभासी वस्तू ठेवण्याआधी विचारा. कॅमेऱ्यात आलेली शेजारची माणसं साठवली जाणार नाहीत, हे ॲपमध्येच बांधून टाका.

## टप्पा ७: निघण्यापूर्वीची तयारी

सगळं ऑफलाइन चाललं पाहिजे. आदल्या दिवशी विमान मोड लावून पूर्ण अनुभव एकदा चालवा, अपडेट आधीच घ्या. बॅटरी साधारण दोन तास टिकते, म्हणून पॉवर बँक घ्या. एका माणसाला समजावण्यापासून विसाव्यापर्यंत ३० मिनिटं धरा. दोन हेडसेट आणि तीन तास म्हणजे १२ माणसं. चाळीस जणांचं निमंत्रण देऊ नका.

उन्हाळ्यात हेडसेट गाडीत ठेवू नका. बहुतेक हेडसेट ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनलेले असतात आणि आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या छपराखाली कार्यक्रम नको. भिंगांवर थेट ऊन पडलं तर काही क्षणांत आतला पडदा जळतो, म्हणून झाकण लावूनच ठेवा.

भिंगांना स्पिरिट लावू नका, कोरडं मायक्रोफायबर कापड वापरा. चेहऱ्याला लागणारा भाग धुता येणाऱ्या सिलिकॉनचा घ्या, कारण स्पंजात तेल आणि घाम मुरतो. डोक्यासाठी एकदा वापरून टाकायच्या टोप्या न्या. डोळे आलेल्यांना त्या दिवशी टीव्हीचा मार्ग द्या.

## टप्पा ८: संमती, तीही ऐकून

कायद्याप्रमाणे सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये मागता येते. मराठी तिथे आहे, गोंडी आणि कोरकू नाहीत. तरीही त्या भाषांत सांगणं तुमचं काम आहे. दोन मिनिटांत, तोंडी, सहा गोष्टी सांगा: काय दिसेल, किती वेळ, काय त्रास होऊ शकतो, कोणती नोंद राहील, कधी पुसली जाईल, नाही म्हटलं तरी मजुरी आणि चहा मिळेलच. मग ऐकणाऱ्याला त्यातलं एक त्याच्या शब्दांत सांगायला लावा. सांगता आलं नाही तर पुन्हा समजवा. अंगठा घेऊन मोकळं होऊ नका.

त्यानंतर एकांतात विचारा: फिट येते का, पेसमेकर आहे का (कंट्रोलर आणि हेडसेटमध्ये चुंबक असतात), गरोदर आहात का, सिकलसेल आहे का, आज उपास आहे का. चारचौघांत यांची खरी उत्तरं मिळत नाहीत. बायांना बाईनेच विचारावं. दहा वर्षांखालच्या मुलांना हेडसेट नकोच, आणि मोठ्या मुलांसाठी त्या यंत्राची वयोमर्यादा पाळा.

## टप्पा ९: प्रत्यक्ष सत्र

१. आधी बंद हेडसेट हातात द्या. स्वतः लावू आणि काढू द्या, दोनदा. काढता येतं हे कळलं की भीती निम्मी होते.

२. डोक्याला हात लावण्यापूर्वी विचारा. "ताई, पट्टा मागून घट्ट करू का?" अंबाडा असेल तर पट्टा त्याच्या खालून घ्या. पदर डोक्यावर राहू द्यायचा असेल तर पट्टा पदरावरून येऊ द्या.

३. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधल्या अंतराशी भिंगांचं अंतर जुळवा. मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ सारख्या हेडसेटमध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर असे तीनच टप्पे आहेत. २०२० मधल्या एका अभ्यासात बायांना जास्त मळमळ होण्याचं मोठं कारण हेच निघालं, की यंत्राचं अंतर त्यांच्या डोळ्यांना जुळत नव्हतं. "बायकांना जमत नाही" म्हणण्याआधी हे अंतर जुळवा. चष्मा असेल तर चष्म्याला जागा करणारी आतली पट्टी लावून चष्म्यासकट बसवा.

४. खूण सांगा: हात वर किंवा "काढा". त्यानंतर एकही प्रश्न न विचारता हेडसेट काढायचा. शिवाय, काही झालं तरी डोळे मिटले की दिसणं थांबतं, हेही सांगा.

५. पहिली फेरी पाच ते सात मिनिटांची. मदतनीस हाताच्या अंतरावर, गप्प. टीव्हीवर दाखवायचं असेल तर वापरणाऱ्याला विचारून.

६. नंतर पाच मिनिटं बसवा, पाणी द्या, आणि तुषार कुठे गेले ते विचारा. गरगरत असेल तर पूर्ण बरं वाटेपर्यंत मोटारसायकलला किल्ली लावू देऊ नका.

सावधान: हेडसेट लावलेल्या माणसाचे फोटो आणि व्हिडिओ कोणीही काढायचे नाहीत, तुमच्या टीमनेही. हवेत हात हलवणाऱ्या बाईचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत गावभर फिरतो आणि पुढच्या वेळी तिच्यासोबत आणखी दहा जणी येत नाहीत. अहवालासाठी चित्र हवं असेल तर आधी स्वतंत्र परवानगी घ्या आणि काढलेलं चित्र दाखवा.

## टप्पा १०: त्याच संध्याकाळची नोंद

किती जणांनी पूर्ण केलं यापेक्षा किती जणांनी मधेच काढलं, कोणत्या प्रसंगात काढलं आणि किती जण दारातूनच परतले, हे तीन आकडे लिहा. बाया, साठीच्या पुढचे आणि दिव्यांग यांचे वेगळे. एकाच प्रसंगात तिघांनी हेडसेट काढला असेल तर तो प्रसंग दुरुस्त होईपर्यंत पुढच्या गावात नेऊ नका. दारातून परतलेल्यांकडे दुसऱ्या दिवशी ओळखीच्या माणसासोबत जा आणि कारण विचारा. नोंदी पुसायची तारीख आली की पुसा, आणि पुसल्याचा निरोप ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.